पाचगणीतला निळा हॉस्टा: सावली मुबलक, थंडी अपुरी

पाचगणीच्या उतारावरचा जुना बंगला. मागच्या अंगाला सिल्व्हर ओकची उंच झाडं, खाली दिवसभर कवडशांची सावली आणि जांभ्याची तांबडी माती. मालक पुण्यात, बाग सांभाळायला अनुभवी माळी. या सावलीत फुलझाडं रडतखडत जगत होती, म्हणून तिथे मोठ्या निळ्या पानांचा हॉस्टा, म्हणजे पानांच्या शोभेसाठी सावलीत लावायचं झाड, लावायचं ठरलं. थंड प्रदेशातल्या रोपवाटिकेतून सहा रोपं मागवली: ‘एलेगन्स’, ‘ब्लू एंजल’ आणि ‘हॅल्सियन’ या निळ्या जातींची, प्रत्येकी दोन. फेब्रुवारीअखेर ती थेट जमिनीत लागली.

पहिलं वर्ष छान गेलं. मार्चमध्ये कोंब उलगडले, एप्रिलमध्ये निळसर राखी पानांचे गेंद तयार झाले. जूनपर्यंत निळेपणा जाऊन पानं साधी हिरवी झाली, पण झाडं धडधाकट होती. दुसऱ्या वर्षी मार्च कोरडा गेला. एप्रिलच्या शेवटी कोंब वर आले तेही बारीक, आणि पानं तळहाताएवढीच. एक ‘एलेगन्स’ तर वर आलाच नाही. पावसाळ्यात आणखी दोन रोपं देठाच्या बुडाशी सडून आडवी झाली, उरलेल्यांच्या पानांची गोगलगायींनी चाळण केली. ‘सावली आहे, ओलावा आहे, खत आहे, मग बिघडलं कुठे?’ हा मालकांचा प्रश्न होता.

बिघाड एक नव्हता, चार होते आणि ते एकमेकांत गुंतले होते. पण मूळ कारण सगळ्यांच्या नजरेआड राहिलं, कारण सगळे सावलीकडे बघत होते.

थंडीचा हिशेब

हॉस्टा मूळचा जपान, कोरिया आणि चीनचा. हिवाळ्यात पानं झडतात, गड्डा जमिनीत झोपतो आणि थंडी पुरेशी मिळाली की वसंतात जोमानं फुटतो. ‘पुरेशी’ म्हणजे किती, तर उत्पादक साधारण ४ ते ५ अंश सेल्सियसच्या खालचे किमान सहाशे-सातशे तास धरतात. अखंड मोजले तर हे जवळजवळ महिनाभर होतात. मोठ्या निळ्या जाती सीबोल्डियाना या जपानी प्रजातीच्या वंशातल्या आहेत. त्यांना यापेक्षा जास्त थंडी मिळाली तर त्या खूश असतात.

पाचगणीत हे गणित बसत नाही. सर्वसाधारण वर्षी जानेवारीतल्या पहाटेचं तापमान १२ ते १४ अंशांच्या आसपास असतं आणि दुपारी ऊन चांगलंच तापतं. महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळा भागात एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात, त्याचे फोटो दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात आणि आपल्याकडे ‘बर्फ पडतो’ असा समज पसरतो. ते हिमकण गवताच्या पात्यावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानावर दोन-तीन तास टिकतात. चार बोटं खाली, जिथे हॉस्टाचा गड्डा असतो, तिथली माती तेव्हाही उबदारच असते. गड्ड्याला हिवाळा कळतच नाही.

मग पहिल्या वर्षी रोपं कशी फुटली? कारण ती आधीच्या हिवाळ्याची थंडी अंगात घेऊन आली होती. त्या वर्षीचे कोंब थंड प्रदेशात तयार झाले होते, इथे ते फक्त उलगडले. दुसऱ्या वर्षीचे कोंब इथे तयार झाले, त्यांना थंडी मिळाली नाही आणि झाडानं साठवलेलं खाऊन कशीबशी पानं काढली. पहिलं वर्ष उत्तम, दुसरं रोडावलेलं, तिसऱ्या वर्षी जागा रिकामी, हा उष्ण प्रदेशातल्या हॉस्टाचा ठरलेला उतार आहे. हा क्रम दिसला की खत वाढवण्यात अर्थ नाही.

एक रोप खणून पाहिल्यावर हेच दिसलं. गड्डा अंगठ्याएवढा आक्रसलेला, वरचे डोळे बारीक आणि कोवळी पांढरी मुळं मोजकीच. आजूबाजूला सिल्व्हर ओकच्या बारीक मुळ्यांची दाट जाळी होती. या मुळ्या वरच्या थरातलं पाणी आणि अन्न ओढून घेतात. त्या जाळीत लावलेल्या हॉस्टाच्या वाट्याला घातलेलं पाणी फारसं येतच नव्हतं.

निळा रंग म्हणजे काय

पान खरं तर हिरवंच असतं. त्यावर मेणाचा पातळ राखी थर असतो आणि त्यावरून प्रकाश विखुरला की पान निळं दिसतं. अंगठ्यानं हलकेच घासलं तर त्या जागी हिरवा ठसा उमटतो आणि तो पुसत नाही. पान उलगडताना मेण एकदाच तयार होतं. नंतर ते गेलं की गेलं, त्या हंगामात परत येत नाही.

मेणाचं पान आपल्याला नवीन नाही. अळवावरचं पाणी घरंगळतं ते याच कारणानं. फरक इतकाच की अळू वर्षभर नवी पानं काढत राहतं, म्हणून त्याचं जुनं पान खराब झालं तरी बिघडत नाही. मोठा निळा हॉस्टा वर्षात मुख्यतः पानांचा एकच बहर काढतो आणि त्याच पानांवर त्याला पुढचे सहा-सात महिने काढायचे असतात.

या बागेत मेण तीन वाटांनी गेलं. रोज सकाळी पाईपनं पानं धुतली जात होती. माळ्यानं एकदा सांगूनही पाहिलं होतं, “ताई, पानं धुतली की रंग उतरतोय,” पण धूळ बसते म्हणून धुणं चालूच राहिलं. दर आठवड्याला कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवारलं जात होतं. तेल आणि साबण दोन्ही मेणाचे वैरी, म्हणून निळ्या हॉस्टावर ही फवारणी नकोच. द्रवखतात मिसळायचं स्टिकर (पानाला द्रव चिकटवणारं औषध) आणि पानं चमकवायचे स्प्रेही नकोत. तिसरी वाट उन्हाची. सिल्व्हर ओक उन्हाळ्याच्या तोंडावर बरीच पानं गाळतो. हॉस्टाची कोवळी पानं उलगडतात तेव्हाच वरची सावली विरळ होते, आणि ‘दिवसभर सावली’ ही नोंद पावसाळ्यातली निघते. मार्च-एप्रिलमध्ये तिथे दुपारी सरळ ऊन येत होतं. ऊन आणि उष्णता लागली की मेण पातळ होतं आणि कडा करपतात.

जूननंतरच्या पावसाचा मारा वेगळाच. पाचगणीचा पाऊस शेजारच्या महाबळेश्वरच्या मानानं पुष्कळ कमी असला तरी उघड्यावरच्या पानाचं मेण धुऊन काढायला तो पुरतो.

सड: निदान चुकलं होतं

पावसाळ्यात आडव्या झालेल्या दोन रोपांची पानं ओढली की देठासकट हातात येत होती. देठाच्या बुडाशी मऊ तपकिरी सड, तिच्यावर पांढऱ्या बुरशीचे पंखे, आणि बारकाईनं पाहिलं तर मोहरीएवढे पिवळट-तपकिरी दाणे. ही स्क्लेरोशियम रॉल्फसाय. भुईमुगाच्या शेतात खोडकूज करणारी हीच बुरशी, त्यामुळे शेतकऱ्याला ते दाणे ओळखीचे असतात.

माळ्यानं कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी केली होती, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओतलं होतं. आपल्याकडे कुठलीही सड दिसली की हात तिकडेच जातो, पण या बुरशीवर कार्बेन्डाझिम चालत नाही. टेब्युकोनॅझोल किंवा हेक्झाकोनॅझोल गटातलं औषध लेबलवरच्या मात्रेनं आळवणी करून द्यावं लागतं आणि तेही सुरुवातीलाच. पान आडवं झाल्यावर गड्डा वाचण्याची शक्यता कमी असते. दाणे मातीत अनेक वर्षं जिवंत राहतात, म्हणून रोगट रोपाभोवतीची माती वीतभर रुंद आणि वीतभर खोल काढून बागेबाहेर टाकली. ती कंपोस्टच्या खड्ड्यात जाता कामा नये.

सडीला आमंत्रण दिलं होतं आच्छादनानं. सिल्व्हर ओकचा पालापाचोळा गड्ड्यावर चांगला चार-पाच इंच चढवला होता. ओल, ऊब आणि कुजणारा पाला देठाला चिकटून राहिला. आच्छादन घालायचंच तर गड्ड्यापासून चार बोटं मोकळी सोडून घालावं. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यातलं जुनं गवत किंवा पाला मात्र आणू नये. पानात शिरणारा एक सूत्रकृमी (धाग्यासारखा सूक्ष्म कृमी), ॲफेलेन्कॉइडिस फ्रॅगेरिई, स्ट्रॉबेरीवर येतो तसाच हॉस्टावरही येतो. पानाच्या शिरांमध्ये तपकिरी पट्टे दिसू लागले की तो आहे असं समजावं. त्यावर खात्रीचा घरगुती उपाय नाही, रोप काढून टाकावं लागतं.

काय बदललं

पहिला निर्णय: मोठा निळा हॉस्टा इथे जमिनीत लावायचा नाही. तो कुंडीतच राहील आणि त्याचा हिवाळा फ्रिजमध्ये जाईल. हे ऐकायला खटाटोपाचं वाटतं, पण दुसरा मार्ग नाही. कोणी ‘पाणी तोडून झोपवा’ असं सुचवतात, तर पाणी तोडल्यानं गड्डा फक्त सुकतो, त्याला थंडी मिळत नाही.

उरलेली तीन रोपं म्हणजे एक ‘ब्लू एंजल’ आणि दोन ‘हॅल्सियन’. ‘एलेगन्स’ची दोन्ही गेली होती, एक न फुटता आणि एक सडून. सडलेलं दुसरं रोप ‘ब्लू एंजल’चं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून उरलेल्यांचं पाणी कमी केलं, माती वरून कोरडी पण आत किंचित ओली राहील इतपत. पाचगणीत पानं पूर्ण पिवळी पडतीलच असं नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती अर्धी हिरवी असतानाच गड्ड्यापासून दोन बोटं ठेवून कापली. गड्डे उकरले, पाण्यात धुतले, मऊ किंवा वास येणारा भाग घट्ट पांढरा गर दिसेपर्यंत कापून टाकला. प्रत्येक रोपानंतर चाकू एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात बुडवला. हे टाळू नये. हॉस्टा व्हायरस एक्स हा १९९६ मध्ये ओळखला गेलेला विषाणू रसातून, म्हणजे मुख्यतः चाकूनं पसरतो आणि त्याला औषध नाही.

धुतलेले गड्डे एक दिवस सावलीत वाळवले. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भिजवून मुठीत घट्ट पिळलं, थेंब गळणार नाही इतकंच ओलं ठेवलं आणि त्यात गड्डे गुंडाळून सात-आठ भोकं पाडलेल्या पॉलिथिनच्या पिशवीत घातले. प्रत्येक पिशवीवर जातीचं नाव लिहिलं. फ्रिजचा भाजीचा कप्पा, तापमान ३ ते ५ अंश. हे डायलवरच्या आकड्यावर सोडू नये, आत साधा थर्मामीटर ठेवावा. मागच्या भिंतीला चिकटलेली पिशवी गोठते आणि फ्रीझरमध्ये तर गड्डा मरतोच. त्याच फ्रिजमध्ये सफरचंद, केळी, चिकू ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू झोपलेल्या कोंबांना बाधू शकतो. दर पंधरवड्याला पिशवी उघडून बघायचं: बुरशी दिसली तर तेवढा भाग पुसायचा, कोकोपीट भुसभुशीत कोरडं झालं तर चमचाभर पाणी शिंपडायचं. वीज गेली तर दार उघडायचं नाही, एवढंच.

एकूण दहा आठवडे. तासांत मोजले तर १,६८०, म्हणजे किमान गरजेच्या दुपटीहून जास्त. मोठ्या निळ्या जातींबाबत इथे कंजुषी करू नये.

खात्री पटावी म्हणून एक ‘हॅल्सियन’ फ्रिजमध्ये ठेवला नाही. बाकी सगळं सारखं: तीच कुंडी, तीच माती, तीच जागा. फेब्रुवारीच्या मध्याला दोन्ही लावल्यावर थंडी मिळालेला तीन आठवड्यांत एकदम फुटला आणि मार्चअखेर त्याची कुंडी भरली. दुसऱ्यानं एप्रिलच्या उत्तरार्धात एकेक करून पानं काढली. ती संख्येनं निम्मीही नव्हती आणि आकारानं लहान. मालकांना पटवायला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

कुंडी खोल नको, रुंद हवी. हॉस्टाची मुळं आडवी पसरतात. ‘हॅल्सियन’ला १२ इंची, ‘ब्लू एंजल’ला १६ इंची मातीची कुंडी घेतली. मातीच्या कुंडीतून पाणी झिरपून मुळं थंड राहतात, एप्रिलमध्ये हा फायदा मोठा असतो. मिश्रण असं: चाळलेलं पानांचं खत ४ भाग, धुतलेलं कोकोपीट ३ भाग, विटेचे किंवा जांभ्याचे ६ ते १० मिमीचे खडे २ भाग, गांडूळखत १ भाग. बागेतली माती घातली नाही, कारण तिच्यात बुरशीचे दाणे असू शकतात. कुंडीत मधोमध मिश्रणाची उंचवटी करून त्यावर मुळं चहूबाजूंनी पसरली, डोळे पृष्ठभागाच्या जेमतेम बोटभर खाली राहतील असे. खोल लावलेला गड्डा पावसात सडतो. कुंड्या विटांवर ठेवल्या. जमिनीला टेकलेल्या कुंडीत सिल्व्हर ओकची मुळं खालच्या भोकातून वर शिरतात आणि वर्षभरात कुंडी काबीज करतात.

१५ फेब्रुवारी ते मान्सून येईपर्यंत ७५ टक्क्यांची शेडनेट, जमिनीपासून आठ-नऊ फूट उंच. खाली ताणलेली जाळी उष्णता कोंडते, म्हणून उंची महत्त्वाची. सकाळी नऊपर्यंतचं कोवळं ऊन चालतं, पुढचं नाही. पावसाळा लागला की जाळी काढली, कारण ढगांची सावली पुरते आणि जाळीखाली हवा दमट राहते. त्याच वेळी कुंड्या बंगल्याच्या पडवीत हलवल्या: पाऊस लागत नाही, उजेड भरपूर. निळेपणा त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत टिकला, त्यात सगळ्यात मोठा वाटा पडवीचा आहे.

पाणी झारीचा फवारा काढून, थेट मातीवर. एप्रिल-मेमध्ये १६ इंची कुंडीला रोज दोन-तीन लिटर लागतं, पण रोज बोट घालून बघावं. खत फार नको. कोंब वर आल्यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला २ ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी मुळाशी, एप्रिलअखेरपर्यंत. जास्त नत्रानं पान लुसलुशीत होतं, आणि लुसलुशीत पान गोगलगायींना आवडतं.

गोगलगायींचा बंदोबस्त रात्रीच करावा लागतो. शंखी आणि शेंबडी, दोन्ही इथे आहेत. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी कुंड्यांच्या मधे अंथरलं, सकाळी उचलून खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून मिठाच्या पाण्यात टाकल्या. जूनच्या पहिल्या पावसापासून रोज हे केलं तर जुलैत संख्या आटोक्यात राहते. कुंडीखालच्या विटांना तांब्याची पट्टी लावली, तिचाही उपयोग झाला. गोगलगायी मारणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या बंगल्यात कुत्रा असल्यामुळे टाळल्या. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या मिळाल्या तर त्या बऱ्या. हॉस्टाचं पानही कुत्र्या-मांजरांनी खाल्लं तर उलट्या-जुलाब होतात, हे घरात सगळ्यांना माहीत असावं.

आकाराचा प्रश्न

रंग आणि जोम परत आला, आकार मात्र पूर्ण आला नाही. थंड देशात ‘ब्लू एंजल’चा गेंद तीन फूट उंच आणि चार फुटांहून रुंद होतो. तसा होण्यासाठी त्याला पाच-सहा वर्षं मुळं न हलवता वाढू द्यावं लागतं. दरवर्षी गड्डा उकरून धुतला तर प्रत्येक वेळी मुळं तुटतात आणि झाड पुन्हा पहिलीतच बसतं. निळ्या हॉस्टाचा मोठा आकार हवा असेल तर गड्डा नव्हे, अख्खी कुंडीच थंडीत ठेवायला हवी.

यावर पुढच्या हिवाळ्यात तोडगा निघाला तो शीतपेयांच्या जुन्या उभ्या कूलरचा. मधल्या जाळ्या काढल्या, तळाला फळी टाकली आणि ‘ब्लू एंजल’ची कुंडी माती किंचित ओली ठेवून जशीच्या तशी आत गेली. दिवा काढून टाकला, कारण अंधारच हवा. तापमान ४ अंशांवर, पुन्हा दहा आठवडे. बाहेर आल्यावर मुळं जागच्या जागी होती आणि पानं आदल्या वर्षीपेक्षा स्पष्ट मोठी आली. जवळ भाज्यांचं शीतगृह असेल तर तिथे बोलून बघावं, पण ते फळांबरोबर नको आणि शून्याच्या खालीही नको.

‘हॅल्सियन’ला हा थाट लागत नाही. तो टार्डियाना या संकरित जातींच्या गटातला, पानं वीतभर, मेण जाड आणि सावलीत टिकाऊ. गड्डा काढून फ्रिजमध्ये ठेवला तरी तो निभावतो. साताऱ्याच्या डोंगरी भागात कुणाला एकच निळा हॉस्टा घ्यायचा असेल तर आमचं मत ‘हॅल्सियन’ला. ‘एलेगन्स’ मात्र इथे परत लावला नाही. १९०५ मध्ये जर्मनीत गेओर्ग आरेंड्स यांनी काढलेली ही जात अजूनही देखणी आहे, पण ती सगळ्यात संथ वाढते आणि तरुणपणी तिच्या पानांवर ना पुरता निळा रंग असतो ना सुरकुत्या. दोन-तीन वर्षं वाट पाहून मगच तिचं रूप कळतं आणि तेवढा काळ ती इथे तग धरत नाही.

झाडांखालची रिकामी जमीन नेचे आणि हायड्रेंजियाला दिली. आम्लधर्मी जांभ्यात हायड्रेंजियाची फुलं निळी येतात, त्यामुळे बागेला हवा तो रंग वेगळ्या वाटेनं मिळाला. जमिनीतच हॉस्टा हवा असा आग्रह असेल तर चीनमधली प्लँटाजिनिया प्रजाती लावून पाहावी. तिची पानं हिरवी असतात, निळी नाहीत, पण तिला थंडी कमी लागते, उष्णता सोसते आणि पांढरी फुलं सुगंधी असतात.

नवी रोपं घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पानावर शिरांच्या कडेनं शाई फुटल्यासारखे किंवा चिरमटलेले डाग असतील तर ते रोप विषाणूचं असू शकतं, घेऊ नये. आणि परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना बॅगेतून गड्डे आणायला सांगू नये. वनस्पती आयातीसाठी २००३ च्या क्वारंटाइन आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, आणि मातीसह रोप आणायला मनाई आहे.

‘ब्लू एंजल’ची कुंडी आता कूलरच्या दारातून जेमतेम जाते. यंदा डिसेंबरात तिला १८ इंची कुंडीत हलवायचं, की गड्डा फोडून प्रत्येकी किमान तीन डोळ्यांचे दोन भाग करायचे, हे ठरायचं आहे. फोडला तर पानं दोन वर्षं लहान होतील. आमचा कौल न फोडण्याकडे, आणि त्यासाठी आधी कूलरचं दार मोजून घ्यायला सांगितलं आहे.